श्वास मोजायचा वर्ग

२००६ च्या पावसाळ्यात मी आणि माझी बायको दर शनिवारी संध्याकाळी फोंड्याहून मडगावला जायचो. बोरीच्या पुलावरून खाली पाहिलं की जुवारी तांबडी होऊन वाहत असायची. गाडी खड्ड्यात आदळली की ती पोटावर हात ठेवायची आणि मी 'सॉरी' म्हणायचो, जणू खड्डा मीच खणला होता. आम्ही जायचो बाळंतपणाच्या वर्गाला.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर करून म्हणाली, "दादल्यांचें थंय कितें काम?" आणि पुन्हा खडे वेचू लागली. तिच्या काळी वैजीण घरी यायची. मी जन्मलो त्या रात्री वडील सोप्यावर बसून होते आणि त्यांना आत काय चाललंय ते विचारायचीसुद्धा सोय नव्हती. बायकोच्या आईचा आक्षेप वेगळा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बेळगावात व्हायला हवं होतं. पण तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीची आणि मध्ये चोर्ल्याचा घाट, त्यात पाऊस. शेवटी त्याच अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. मग आईची मेथीची पेज आणि त्यांचे लाडू यांत जी चुरस लागली ती वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सतरंजी अंथरलेली खोली, भिंतीला टेकवलेल्या उशा, कोपऱ्यात रबरी बाहुली आणि प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा. आम्ही पाच जोडपी. त्यातलं एक जोडपं म्हणजे सासू-सून. नवरा तारवटी, बोटीवर. सासष्टीत त्याचं कुणाला नवल नाही. फ्रॉक घातलेल्या त्या सासूबाई वर्गातल्या सगळ्यांत धीट विद्यार्थिनी होत्या. आम्ही पुरुष जे विचारायला लाजायचो ते त्या खणखणीत आवाजात विचारत, आणि आम्ही चौघे सतरंजीकडे बघत उत्तर ऐकत असू.

शिकवणं मात्र चांगलं होतं. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडतं म्हणजे किती, हे सिस्टरांनी चहाच्या बशीवर बोटाने दाखवलं. कळ येते, चढते, उतरते, आणि मध्ये मोकळा वेळ असतो, तो वेळ विश्रांतीचा आहे, भीतीत घालवायचा नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. श्वासाची पद्धत लामाझ या फ्रेंच डॉक्टरची. १९५१ साली तो सोव्हिएत रशियात गेला, तिथे बायकांना औषधाविना कळा सोसायला शिकवतात ते त्याने पाहिलं आणि पॅरिसला येऊन स्वतःची पद्धत बसवली. रशियनांच्या पद्धतीचं मूळ पाव्हलॉवच्या प्रयोगांत होतं. घंटा वाजली की लाळ गाळणारा तो कुत्रा आणि मडगावच्या सतरंजीवर श्वास मोजणारी माझी बायको, यांचं नातं मला फार गमतीचं वाटलं. तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

मी वही केली होती. त्यात कळांमधलं अंतर, पिशवीत काय भरायचं, नाळ कधी कापतात, पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायचं, चिकाचं पहिलं दूध फेकायचं नाही, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, बाळाच्या तोंडात नुसती बोंडशी नव्हे तर भोवतीचा काळसर भागही जायला हवा, असं सगळं आकृत्यांसकट. शाळेत मी कधी एवढा हुशार नव्हतो. घरी रोज रात्री घड्याळ घेऊन बसायचो आणि तिच्याकडून श्वास करून घ्यायचो. कधी ती म्हणायची, आज नको, पाय दुखतात. मी म्हणायचो, दहाच मिनिटं.

सहा शनिवारांपैकी सिझेरियनला सिस्टरांनी अर्धा तास दिला. तोही शेवटी, घाईत, 'तशी वेळ कुणावर न येवो' असं म्हणून. वहीत माझ्या त्या विषयाच्या चार ओळी आहेत.

चवथ झाली, पाच दिवसांचा गणपती पोचवला, आणि चौथ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. घरात सुयेर आलं असतं तर गणपतीचं काय, ही आईची काळजी बाळाने मिटवली होती. इस्पितळात पोचलो आणि पहिल्याच दारात माझी वही संपली. प्रसूतिकक्षात पुरुषांना प्रवेश नाही. आम्ही सहा आठवडे दोघांनी मिळून जे शिकलो ते तिला एकटीने करायचं होतं. मीही वडिलांसारखाच बाकावर जाऊन बसलो, एवढंच की बाक प्लास्टिकचा होता. (२०१६ साली केंद्र सरकारने प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस असू द्यावं असं कळवलं, पण ते स्त्री नातेवाइकाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत सोबत कुणाची हवी हे बाईने ठरवायचं आहे. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.)

चौदा तास गेले. रात्री आठच्या सुमाराला दार उघडलं आणि तिला ट्रॉलीवरून बाहेर आणलं. बाळाचे ठोके कमी होताहेत, शस्त्रक्रिया करावी लागेल, सही करा. मी सही केली. ट्रॉली लिफ्टपाशी थांबली तेवढ्या मिनिटभरात मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "एवढा सराव केलास, आणखी थोडं नाही का जमणार?"

मला वाटलं, मी तिला धीर देतोय.

मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम, ठणठणीत. पेढे वाटले. टाके ओढले जायचे म्हणून तिला उठता येत नव्हतं, दूध उतरायला तिसरा दिवस उजाडला. भेटायला येणाऱ्या बायका 'सीझर झालं ना?' असं विचारायच्या, आणि त्या 'ना' मध्ये बरंच काही असायचं. मी सगळ्यांना आणि तिलाही एकच सांगत होतो, बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर. ती मान हलवायची. रात्री पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आई म्हणाली, ओल्या बाळंतिणीचं असंच असतं, चार दिवसांत जाईल. पंधरा दिवस झाले, महिना झाला, गेलं नाही.

बाळंतपणानंतरचाही एक वर्ग होता, त्याचे पैसे आधीच भरले होते. दोन्ही आज्या एकदिलाने म्हणाल्या, सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर गेलो. तीच सतरंजी, पण आता पाच दुपटी पसरलेली. न्हाऊ कसं घालायचं, ढेकर कशी काढायची, कमरेचे व्यायाम, सगळं झाल्यावर सिस्टरांनी एक कागद काढला. १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरोची प्रश्नावली, बाळंतिणीच्या मनाची चौकशी करणारी. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. प्रत्येकीने उत्तर मनात द्यायचं होतं. काही चुकलं की स्वतःला विनाकारण दोष देता का, हा प्रश्न आला आणि माझी बायको रडू लागली. आवाज न करता, मुलीला मांडीवर धरून.

सिस्टरांनी घाई केली नाही. तारवट्याच्या आईने उठून मुलीला घेतलं. मग बायको म्हणाली, "मी नापास झाले." कुणाला काही कळेना. ती पुढे म्हणाली, "ह्यांनी एवढं शिकवलं होतं माझ्याकडून. शेवटी लिफ्टपाशी ते म्हणालेसुद्धा." आणि तिने माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला ते आठवतच नव्हतं. म्हणजे ट्रॉली आठवत होती, लिफ्ट आठवत होती, तिच्या कपाळावरचा घाम आठवत होता. मी काय बोललो ते दीड महिना फक्त तिच्याजवळ होतं.

सिस्टर म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मी तुम्हाला परीक्षेसारखं शिकवलं. सीझरचं अर्ध्या तासात उरकलं." मग त्यांनी ठोके का कमी होतात, तेव्हा थांबलं असतं तर काय झालं असतं, हे तिला समोर बसवून सांगितलं. आणि मला म्हणाल्या, घरी जाऊन तिच्याकडून त्या दिवसाची सगळी हकिकत ऐका, मध्ये बोलू नका. 'बाळ सुखरूप आहे ना' हे तर मुळीच म्हणू नका.

त्या रात्री ऐकली. मधल्या खोलीत दोन्ही आज्या जाग्या होत्या, पण एकही आत आली नाही. दोन आठवडे उलटले तरी रडणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं असतं, हे मी वहीत कधी लिहिलंच नव्हतं. आम्ही उशिरा का होईना, गेलो. पाचेक महिन्यांत ती सावरली. २०१९-२१ च्या सुमाराला गोव्यात शंभरातली जवळजवळ चाळीस बाळंतपणं सिझेरियनने होत होती, देशभरात एकवीस-बावीस. तो आकडा वाढतोय ते योग्य की नाही यावर वाद घालायला माझी हरकत नाही, पण त्या चाळीसजणींच्या समोर बसून नव्हे.

पुढच्या वर्षी सिस्टरांचा फोन आला. नव्या वर्गात सिझेरियनला एक पूर्ण शनिवार दिलाय, पुरुषांशी तुम्ही बोलाल का? मी बायकोला विचारलं, लिफ्टपाशी काय बोललो ते सांगू का?

ती मुलीचे केस विंचरत होती. म्हणाली, "सांग. पण मी समोर नसताना."

मी एकटाच गेलो. चार पुरुष होते, सतरंजीकडे बघणारे. सांगून झाल्यावर त्यातल्या एकाने खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.