बिनतोंडाचा साप

नोकियाच्या ६११० फोनवर १९९७ साली आलेल्या खेळातल्या सापाने माझ्या कितीतरी दुपारी खाल्ल्या. तोच साप आता ब्राउझरमध्ये पळवायचा, एवढाच माझा बेत. भाचा म्हणाला, ‘आत्या, एल्ममध्ये कर. फंक्शनल म्हणजे काय ते आपोआप कळेल.’

आपोआप काहीही कळलं नाही.

एल्म ही इव्हान चॅप्लिकीने २०१२ साली आणलेली भाषा. आपण एल्म लिहायचं, ब्राउझरला त्याची जावास्क्रिप्ट होऊन मिळते. खेळाची आत्ताची स्थिती म्हणजे मॉडेल, काही घडलं की त्यावरून पुढची स्थिती काढतं ते अपडेट, आणि पडद्यावर मांडतो तो व्ह्यू. वाचताना सोपं वाटलं. मग सापाचं तोंड एक घर पुढे सरकवायला गेले, तर सरकेचना! एकदा ठरलेलं मूल्य बदलतच नाही. दर टिकटिकीला अख्खा नवा साप करायचा: पुढे एक घर जोडायचं, शेपटीचं गाळायचं. मी हिशेब लिहिणारी बाई. खतावणीतही खाडाखोड चालत नाही, दुरुस्तीची नवी नोंदच टाकतात, हे आठवलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

पण एल्मची जावास्क्रिप्ट करून देणारा कंपायलर आडवा आला. सापाच्या यादीतलं पहिलं घर मागितलं, तर हातात ‘मेबी’. असेल किंवा नसेलही. यादी रिकामी निघाली तर काय, हे लिहिल्याशिवाय तो हलू देईना. अरे, बिनतोंडाचा साप कुणी पाहिलाय? वैतागून तिथे शून्य-शून्य लिहून मोकळी झाले. भाच्याने तोंड वाकडं केलं. ‘ही थाप झाली, आत्या. तोंड वेगळं ठेव, उरलेल्या अंगाची यादी वेगळी.’ तसं केल्यावर रिकामा साप मांडताच येईना, मग कंपायलर तरी काय विचारणार?

खरी फजिती सापाने खायच्या सफरचंदाने केली. ते कुठेही उगवायला हवं, म्हणून रँडम आकडा मागितला, मिळेना. फंक्शनला तेच दिलं तर उत्तर तेच यायला हवं, आणि फासा तर दरवेळी वेगळा पडतो. म्हणून अपडेटने नुसती मागणीची चिठ्ठी द्यायची. फासा एल्म टाकणार आणि आकडा संदेश होऊन पुन्हा अपडेटच्याच दारात येणार. एका आकड्यासाठी हा सरकारी खाक्या! दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

तिसऱ्या दिवशी सफरचंद उगवलं. नेमकं सापाच्या पोटाखाली. आता अंगावर फळ आलं की अपडेट मुकाट्याने दुसरी चिठ्ठी पाठवतं.