पान ओलं, कुंडी कोरडी

ह्यूस्टनमध्ये माझी घरातल्या झाडांची नर्सरी आहे आणि माझ्या गिऱ्हाइकांत शॅमेलिऑन पाळणारे बरेच आहेत. भारतात आपला सरडगुहिरा पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकते. इथे दुकानांत मिळतो तो बहुधा येमेन-सौदीकडचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर. दोन बाय दोन बाय चार फुटी जाळीचा पिंजरा, आत मनीप्लांट, शेफ्लेरा, जास्वंद. थोड्याच दिवसांत झाड पिवळं पडतं आणि मला फोन येतो, "खत कुठलं घालू?"

खताचा काही संबंध नसतो. झाड पाण्यात बुडून मरत असतं.

शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. थेंब घरंगळत पानाच्या टोकाशी येऊन थबकला की त्याचा एक डोळा तिकडे वळतो, दुसरा आपल्यावर रोखलेलाच. मग सावकाश पुढे सरकून तो थेंब टिपतो. हे बघण्याच्या हौसेपायी लोक टायमर लावून दिवसभर फवारा मारत राहतात. ते सगळं पाणी निथळतं कुंडीत. मातीतली हवा संपते, मुळं कुजतात, चिलटं होतात. सतत दमट, कोंदट पिंजऱ्यात जनावरालाही श्वसनाचे आजार जडतात. म्हणजे झाडाचं आणि त्याचं दुखणं एकच: पिंजरा वाळतच नाही.

म्हणून फवारा पहाटे, दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर. दुपारी पानं खडखडीत वाळली पाहिजेत. कुंडीला बुडाशी भोकं हवीत आणि खाली साचलेलं पाणी ओतून टाकायला हवं. मातीत दोन पेरं बोट घालून बघा. ओल लागली तर कुंडीला पाणी नको. फवाऱ्याला आरओचं पाणी वापरा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पानांवर बसतात.

उजेडातही अशीच गल्लत होते. यूव्हीबीची नळी असते जनावराच्या हाडांसाठी. तिच्यावर झाड तगत नाही. त्यासाठी 6500 केल्विनचा एलईडी वेगळा लावा. ऊब देणाऱ्या बल्बखाली आलेला शेंडा करपतो, तो वेळीच छाटा.

आता जनावराच्या बाजूने. व्हेल्ड पानं खातो. मनीप्लांटच्या कडेला त्याने घेतलेले अर्धगोल घास मी कितीदा पाहिलेत. आणलेल्या झाडात कीटकनाशक मुरलेलं असू शकतं आणि ते नुसतं पान धुऊन जात नाही. त्यामुळे झाड साध्या मातीत लावा, नवी पालवी फुटू द्या, मगच आत ठेवा. पर्लाइट आणि खताच्या गोळ्या मातीत नकोत: किड्यावर जीभ मारताना तेही पोटात जातं. वर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे पसरा. कण्हेर आणि डिफेनबाखिया तर दारातूनच परत पाठवा.

नवीन पाळणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. पिंजरा आणा, झाडं लावा, दिवे-फवारा सुरू करा आणि महिनाभर जनावराविना चालवा. झाडाने नवं पान काढलं, तर जनावर घरी आणा. नाही काढलं, तर आधी पिंजरा दुरुस्त करा.