मामांची खिडकी

आमच्या सोलापुरांत चादरीची नक्षी आधीं बारीक चौकटींच्या कागदावर काढीत, आणि मग त्या चौकटींप्रमाणें पुठ्ठ्यांना भोकें पाडीत. पुठ्ठे जेकार्ड मागावर चढले, म्हणजे कोणते उभे धागे उचलावयाचे हें तीं भोकें ठरवीत. फ्रान्समधील जाकारनें १८०४ मध्यें सिद्ध केलेली ही युक्ति. कागदावर मोर काढणाऱ्याला माग चालवितां यावयास नको, आणि माग चालविणाऱ्याला मोर!

हें सारें मला आठवलें तें संगणकापुढें बसलों असतांना. चादरींच्या एका लहानशा कारखान्यांत माझे मामा कित्येक वर्षें जावक-वही लिहीत. मालकांच्या इच्छेवरून त्या वहीचा संगणकावरील अवतार मीं करावयास घेतला. हिशेबाचें काम रूबी भाषेंत लिहिलें. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनीं १९९५ मध्यें जगापुढें ठेवलेली ही भाषा मोठी सरळ आहे. पडद्यावरील खिडकी मात्र मीं लिहिली नाहीं, काढली. ग्लेड नांवाच्या साधनांत रिकाम्या चौकटीवर नांवपट्ट्या, चौकोन आणि बटणें माउसनें ओढून ठेवावयाचीं. तें चित्र निराळ्या फाइलींत साठतें. रूबी ती फाइल वाचून खिडकी उभी करते, आणि कोणतें बटण दाबलें असतां काय करावयाचें तें पाहते. दोहोंमधील दुवा केवळ नांवांचा. चौकोनाच्या नांवांतील एक अक्षर चुकलें कीं रूबीला तो सांपडत नाहीं. अशा एका अक्षरापायीं मीं अख्खी रात्र घालविली आहे.

खिडकी देखणी झाली. वर गिऱ्हाइकाचें नांव, मग पत्ता, मग नग, मग भाव. मालक खूष झाले. मामा मात्र दुपारीं वहींतच लिहीत, आणि सायंकाळीं तें सारें अडखळत संगणकांत भरीत. महिनाभरानें मालकांनीं मला हळूच विचारलें, "यांच्या जागीं एखादा पोरगा बसविला तर?"

मला घाम फुटला. त्या रविवारीं मामांना शेजारीं बसविलें. "मामा, तुमचें अडतें कोठें?"

"अरे, गठ्ठे दाराशीं येतात ते आधीं मोजावयाचे. गिऱ्हाइकाची चिठ्ठी मागाहून येते. तुझी खिडकी पहिल्यानें नांवच मागते!"

चित्र काढतांना मीं पडदा पाहिला होता, मामांचा हात पाहिला नव्हता. ग्लेड उघडून माउस त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं नगाचा चौकोन वर नेला, नांवाचा खालीं आणला, भाव वहींत असे तेथें, अगदीं उजव्या कडेला. चौकोनांचीं नांवें तींच राहिल्यामुळें रूबींतील एकही ओळ मला बदलावी लागली नाहीं. खिडकीहि रूबींतच लिहिली असती, तर "पाहूं पुढें" म्हणून मीं मामांची बोळवण केली असती, हें लाजेनें कबूल करतों. ग्लेडची वाढ पुढें थांबली, परंतु त्या दिवशीं तें हाताशीं होतें.

मालकांनीं पोराचा विषय पुन्हां काढला नाहीं.

त्या रविवारीं उठतां उठतां मामांनीं 'नोंदवा'शेजारचें 'पुसा' हें बटण ओढून पार दुसऱ्या कोपऱ्यांत नेलें. "दौत आम्ही वहीच्या इतकी जवळ ठेवीत नव्हतों," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानें चष्मा पुसूं लागले.