गेटवरच्या माणसाची बेल

अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मागच्या गेटवर मी दोन वर्षं रात्रपाळी केली. बारा तास, एकटा. हातात एक यंत्र. दर तासाला कुंपणावरच्या ठिपक्यांना ते टेकवायचं, म्हणजे वॉचमन झोपला नाही याची नोंद होते. माझ्या सुट्टीच्या रात्री बदलीवर आलेले काका पावसात घसरून पडले. पाय मोडला, मोबाईल केबिनमध्ये. सकाळपर्यंत तिथेच पडून. यंत्राने चोख नोंद केली: चार फेऱ्या चुकल्या. ठेकेदाराने हजेरी कापली!

बटण दाबताच कंट्रोल रूमला कळवणारं, माणूस पडून हलला नाही तर आपोआप वाजणारं यंत्रही बाजारात मिळतं. मालकाने पैसे खर्च केलेच, पण संशय घेणारं यंत्र घेतलं. गेटवर कोण आणि एसी केबिनमध्ये कोण, हे हजेरीवहीतली आडनावंच सांगतात.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आमचे ७२ भरायचे. तीन पाळ्यांचं काम दोघांत उरकलं की एका माणसाचा पगार वाचतो.

मित्रांनो, मागणीपत्रात नुसतं ‘अलार्म द्या’ लिहू नका. बेल कोणाच्या टेबलावर वाजणार, तो रात्री तीनला जागा असेल का, किती मिनिटांत पोचेल, हे लिहून घ्या. आणि बटण चुकून दाबलं गेलं तर पगार कापायचा नाही, हेही.