केडगांवचें मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे जाणारी आगगाडी हडपसर, लोणी, उरुळी, यवत हीं स्टेशनें मागें टाकून केडगांवास येते. नगराजवळचें केडगांव तें हें नव्हे. ह्या दोहोंचा घोटाळा नेहमीं होतो. दत्तभक्तांस हें गांव ठाऊक आहे तें नारायणमहाराजांच्या बेटामुळें, आणि दर्शनासाठीं सहकुटुंब जाणारी मंडळी ह्याच स्टेशनावर उतरतात. परंतु ह्याच गांवांत दुसरेंही एक स्थान आहे, आणि तिकडे आमच्यासारख्या घरांतील पावलें सहसा वळत नाहींत. वास्तविक तें स्थान उभारलें एका कोंकणस्थ शास्त्र्याच्या मुलीनें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तें हेंच.

हा सारा मुलूख पर्जन्यछायेंतला. आज कालव्याच्या पाण्यावर चहूंकडे ऊस उभा दिसतो, आणि गळिताच्या दिवसांत गुऱ्हाळांचा गोड, किंचित् करपट वास वाऱ्यावर येत असतो; पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाईंनीं येथें जमीन घेतली तेव्हां विहिरी खणण्यापासून आरंभ करावा लागला. उद्देश साधा होता. अमेरिकेंतील मदत दहाच वर्षांची होती. ती संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर आपलें शारदासदन चालावें, एवढाच हिशेब. बागेच्या जागीं पुढें एक गांवच वसेल, असें तेव्हां त्यांच्याही मनांत नसावें.

बाईंचें पूर्वचरित्र आमच्या वाचकांस थोडेंबहुत परिचित असेलच. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, त्यापायीं लोकांचा रोष पत्करला, आणि तीर्थयात्रा करीत हें कुटुंब हिंदुस्थानभर हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें आईवडील नेले, मागोमाग थोरली बहीण नेली. उरलेलीं दोघें भावंडें पायीं चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं, आणि तेथील विद्वानांनीं वीस वर्षांच्या ह्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढें भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह झाला. दोनच वर्षांत तेही वारले. कडेवर मनोरमा नांवाची मुलगी घेऊन बाई १८८२ सालीं पुण्यास आल्या. १८८३ सालीं विलायतेस गेल्या असतां तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथपर्यंत त्यांचें कौतुक करणारीं घरें येथून पुढें गप्प बसलीं.

१८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. विधवा मुलींनीं तेथें शिकावें, त्यांच्या धर्मांत हात घालूं नये, असें ठरलें होतें. सोंवळ्याओंवळ्याची सोयही राखलेली होती. पण बाई स्वतःच्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि मुली आंत येऊन बसत. ह्यावरून वादळ उठलें. 'केसरी'नें कडक टीका केली; १८९३ सालीं रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें; कित्येक पालकांनीं आपल्या मुली घरीं नेल्या. ही तक्रार अगदींच निराधार होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या मुलीला जगांत दुसरा आधार नाहीं तिच्यापुढें आधार देणाऱ्यानें आपला देव ठेवला, तर तिची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न खरा आहे. परंतु घरीं नेलेल्या त्या मुलींस पुढें शिकविलें कोणीं, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. त्याला आमच्या समाजानें दिलेलें उत्तर १८९६ सालीं आलें, तें अण्णासाहेब कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या रूपानें. आणि त्या अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, ह्या शारदासदनाच्याच पहिल्या विधवा विद्यार्थिनी. हिंगण्याच्या संस्थेचा अभिमान बाळगतांना तिच्या वंशवृक्षांतील ही फांदी झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

१८९६–९७ चा दुष्काळ पडला आणि बाई मध्यप्रांतांत गेल्या. लहानपणीं स्वतः सोसलेली भूक त्यांस तेथें पुन्हा दिसली. सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगाचा कहर होता आणि गर्दी जमविण्यास मनाई होती. म्हणून ह्या मुलींची वस्ती केडगांवच्या माळावर झाली, आरंभीं तर तंबूंतच. प्लेगाच्या इस्पितळांत बायकांची जी हेळसांड होई तिच्याविषयीं बाईंनीं वर्तमानपत्रांत कडक पत्र लिहिलें, तें प्रकरण विलायतेंत पार्लमेंटापर्यंत गेलें. त्या एका वर्षीं प्लेगाच्या बंदोबस्तावर 'केसरी' आणि बाई दोघांचाही सरकारशीं सारखाच तंटा होता, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं.

१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी शेंकडों आल्या, आणि वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. आतां येथें ब्राह्मण विधवा होती, कुणबीण होती, जिला गांवकुसाबाहेर ठेवीत तीही होती. एक मराठी बोले, दुसरी हिंदी, तिसरी गुजराथी. त्या साऱ्यांचा संसार एक. जात्यावर दळणें, विहिरीचें पाणी काढणें, घाण्याचें तेल, हातमाग, गाईम्हशी, कपडे धुणें, छापखाना, हीं सर्व कामें बायकाच करीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन होतें, म्हाताऱ्या व अपंगांसाठीं प्रीतिसदन होतें. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं अंगावर घेतलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांस दहावीस माणसांची पंगत संभाळणें म्हणजे काय तें ठाऊक आहे. दोन हजारांच्या पंगतीचा विचार आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं करून पाहावा. पुरुषांस त्याची कल्पना येणें कठीण.

सदनाच्या मधोमध मोठें प्रार्थनामंदिर आहे. जुन्या छायाचित्रांत शेंकडों मुली पांढरीं लुगडीं नेसून जमिनीवर रांगेनें मांडी घालून बसलेल्या दिसतात. बाकें नाहींत, खुर्च्या नाहींत. कीर्तनाला बसावें तशी ती सभा. हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. बाईंनीं धर्म पालटला, पण वळण पालटूं दिलें नाहीं. विलायतेंत असतांनाही त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं, आणि ज्या भगिनींच्या आश्रमांत त्या राहिल्या त्यांच्याशीं धर्ममतांवर पत्रांतून सडेतोड वाद घातले. चर्चनें सांगितलें म्हणून निमूट मान डोलविणें हें त्यांच्या रक्तांतच नव्हतें. अनंतशास्त्र्यांची लेक ती.

ह्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे त्यांचें बायबलचें भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषा शिकून त्यांनीं तें एकटीनें केलें, आणि छापलें तेंही सदनांतील बायकांनीं. खिळे जुळविणें, मुद्रितें तपासणें, सारें त्यांच्याच हातचें. विशेष असें, कीं जिच्या जिभेवर संस्कृत नाचत असे त्या बाईनें येथें साधी मराठी पत्करली. पंडितांनीं वाहवा करावी अशी भाषा त्यांस सहज लिहितां आली असती. त्यांचें लक्ष होतें तें दळण दळतांना ऐकणाऱ्या बाईकडे. मनोरमाबाई १९२१ सालीं गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंनींही देह ठेवला. ग्रंथ समग्र प्रसिद्ध झाला तो १९२४ सालीं.

आरंभापासून ह्या सदनाच्या दाराला दोन तोंडें आहेत. एकांतून निराधार मुलगी आंत येते. दुसऱ्यांतून आंतली माणसें बाहेर गांवांत जातात. १९०५ सालीं येथें प्रार्थनेचा मोठा उमाळा आला, तेव्हां मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत उपदेशास जात. ह्या उपदेशाबद्दल आमचें मत वाचकांच्या मताहून फारसें निराळें नाहीं. पण शेजाऱ्यापाशीं केवळ शब्द घेऊन जाणें आणि औषध व पाटी घेऊन जाणें, ह्यांत अंतर आहे. सदनाची शाळा आणि दवाखाना आजही चालू आहेत, आणि त्यांचा लाभ भोंवतालच्या गांवांस होतो. आंतल्या घरांतून टाकलेल्या मुली, परित्यक्ता, अंध, अपंग अशा स्त्रिया राहतात. टाकलेली मुलगी आजही येते, ह्यावरून ज्या कारणासाठीं हें सदन निघालें तें अजून संपलें नाहीं एवढें उघड होतें.

बेटावर दत्तमहाराजांची आरती होते, इकडे प्रार्थनामंदिरांत पदें म्हटलीं जातात. महाराष्ट्रांतील मराठी चर्चांतून जीं गाइलीं जातात त्यांपैकीं कित्येक नारायण वामन टिळकांचीं आहेत, आणि त्यांतील अभंगाची चाल आमच्या कानांस मुळींच परकी लागत नाहीं.

बेटास जाणाऱ्या मंडळींस एक दिवस जास्त काढतां आला, तर सदन अवश्य पाहावें. मात्र अगोदर कळवून व परवानगी घेऊन जावें, पुरुषांनीं घरांतील बायकांस पुढें करावें, आणि मुलींचीं जात-गोतें विचारीत बसूं नये. तें त्यांचें घर आहे. घरांत पाहुण्यानें जसें वागावें तसें वागावें. जातांना कांहीं न्यावेंसें वाटलें, तर काय हवें आहे तें आधीं विचारून मगच न्यावें.