बारा आठवड्यांनंतर

मंडळी, आज ज्या वादकाबद्दल लिहितोय त्याचं वादन मला अजून पुरतं पचलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस मात्र मनात घर करून बसलाय.

डेरेक बेली. गिटारवादक. जन्म १९३०, इंग्लंडमधलं शेफील्ड, म्हणजे पोलादाचं गाव. तरुणपणी पोटासाठी मिळेल तिथे वाजवलं. नाचाची सभागृहं, नाइट क्लब, रेडिओ, रेकॉर्डिंग स्टुडिओ... ग्रेसी फील्ड्स या लोकप्रिय गायिकेला साथ केली, मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीसाठीही वाजवलं. समोर ठेवाल ते वाजवणारा गडी!

आणि अशा माणसाने हळूहळू ते सगळं बाजूला ठेवलं. १९६३ च्या सुमारास शेफील्डमध्ये टोनी ऑक्स्ली आणि गॅविन ब्रायर्स यांच्याबरोबर जॅझ वाजवता वाजवता तिघेही चौकटीबाहेर पडले. १९६६ मध्ये बेली लंडनला गेला. मग ठरलेली चाल नाही, ठेका नाही. त्या क्षणी सुचेल ते. १९७० मध्ये साथीदारांसह ‘इंकस’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. १९७७ ते १९९४ या काळात ‘कंपनी वीक’ भरवले. त्यात निरनिराळ्या परंपरांतले कलाकार आयत्या वेळी एकत्र येऊन वाजवत.

नातवाने ऐकवलं तेव्हा आतून सूनबाईंनी विचारलं, "बाबा, काही पडलं का?" मलाही तसंच वाटलं होतं!

पण बेलीने १९८० मध्ये उत्स्फूर्त वादनावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात सुरुवातीलाच घेतलं भारतीय संगीत. आपला गवई आधी चौकट पक्की करतो, मग त्यात उपज करतो. बेलीचीही चौकट पक्कीच होती, वर्षानुवर्षांच्या चाकरीत घोटलेली. त्याने प्रश्न पुढचा विचारला : चौकट काढून घेतली तर हातात काय उरतं? येत नाही म्हणून सोडणं वेगळं आणि येत असून सोडणं वेगळं. २००२ मध्ये जुनी लोकप्रिय गाणी घेऊन त्याने ‘बॅलड्स’ काढली, तेव्हा ते सगळ्यांना कळलं.

पुढे बार्सिलोनात राहत असताना उजवा हात दगा देऊ लागला. गिटारची पट्टी, म्हणजे प्लेक्ट्रम, धरता येईना. मनगटातली नस दबल्याचं निदान झालं. शस्त्रक्रिया नको म्हणाला आणि अंगठ्याने वाजवायला शिकू लागला. वय पंचाहत्तर! हा अभ्यास त्याने रेकॉर्डही केला. २००५ च्या ‘कार्पल टनेल’ या सीडीत आधी दोन शब्द बोलतो आणि मग तुकडे येतात : तीन आठवड्यांनंतर, पाच, सात, नऊ, बारा आठवड्यांनंतर. शिकाऊ मुलाच्या वहीसारखे, तारीखवार. खरा आजार मज्जातंतूंचा, मोटर न्यूरॉन डिसीज निघाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला लंडनमध्ये तो गेला.

फळ्यावर अक्षर काढण्यात माझा जन्म गेला. आता पेन धरलं की बोटं आखडतात, म्हणून हे एका बोटाने टाइप करतोय. बेलीचे ते बारा आठवडे मी तीनदा ऐकले. त्यात सूर शोधला नाही. हात गेल्यावर रडत न बसता, उरलेल्या हाताचं म्हणणं ऐकणारा एक म्हातारा विद्यार्थी तेवढा ऐकू आला.

तुम्हीही एकदा ऐका. नाही आवडलं तरी चालेल, पण बारा आठवड्यांपर्यंत थांबा.