शहापूरचे घर आणि चोवीस हिस्से

नागपूरहून भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो की मौद्याजवळ कन्हान नदी लागते. पुढे जवाहरनगरची आयुध निर्माणी मागे पडली की मी पिशवी हातात घेतो. शहापूर येते. पूर्वीचा ६ नंबरचा, आता ५३ नंबरचा महामार्ग गावाजवळून धडधडत जातो. पण गल्लीत शिरलो की धानाच्या तणसाचा ओळखीचा वास येतो आणि पाय आपोआप घराकडे वळतात.

आमचे घर कवेलूचे. तणस कालवलेल्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी मयाली आणि समोर सपरी. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असला तरी दुपारी त्या सपरीत डोळा लागायचा. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि जाड भिंत उशिरा तापते, एवढेच त्यामागचे गुपित. पण कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात. फेरणारे आता मिळत नाहीत, वानरे फोडतात ते वेगळेच. गेल्या पावसाळ्यात अम्मीच्या पलंगावर पाणी गळले, तेव्हा घर नव्याने बांधायचे ठरले.

मी कागदावर दुमजली स्लॅबचा नकाशा काढला. खाली तीन खोल्या, वर दोन. कर्जासाठी कागद जमवताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढला. त्यावर अब्बांचेच नाव होते. कोणीतरी सुचवले, "बहिणीचे हक्कसोड पत्र करून घ्या, काम सोपे होईल."

मी तुमसरला आपाकडे गेलो. तिने चहा दिला, कागद न वाचताच पेन मागितले आणि म्हणाली, "घर तूच बांध. मला फक्त ईदला सपरीत बसायला जागा ठेव."

वाचकहो, मी वर्गात मुलांना अपूर्णांक शिकवतो. परतीच्या बसमध्ये तेच गणित माझ्यासमोर उभे राहिले. दादा-दादी अब्बांच्या आधीच वारलेले. म्हणून अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन आणि मुलीचा एक. २४ भाग केले तर अम्मीचे ३, माझे १४, आपाचे ७. हा हिशोब कुरआनच्या सूरह निसाने घालून दिला आहे. तो माझ्या सोयीने बदलणारा नाही. आपाने हिस्सा खरोखर खुशीने सोडला की माहेर तुटू नये म्हणून? भावाने पुढे केलेल्या कागदावर "नाही" म्हणणे किती बहिणींना जमते? मी तो कागद फाडला.

मग नकाशा बदलला. जमिनीची आजची किंमत काढून आपाच्या सात भागांची रक्कम ठरवली. ती हप्त्यांनी देतो आहे आणि तसे लिहूनही दिले आहे. वरचा मजला त्यात गेला. अम्मीची खोली मात्र पूर्वेला, न्हाणीला लागून घेतली, म्हणजे रात्री तिला पायरी चढावी लागणार नाही.

त्याच सुमारास शाळेच्या सहलीबरोबर सेवाग्रामला गेलो होतो. बापू कुटीच्या माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या साध्या घरात मुले एकदम शांत झाली. एकाने विचारले, "सर, इथे पंखा नसूनही थंड कसे?" तेव्हा शहापूरची सपरी आठवली. मिस्त्रीला सांगितले, मागे स्लॅब टाका, पण समोरची सपरी कवेलूचीच राहील. जुन्या घरातले धड कवेलू आणि मयाली तिलाच लागल्या. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो, म्हणून त्यावर चुन्याचा पांढरा हात मारला. पश्चिमेला खिडकी ठेवली नाही. अब्बांनी लावलेला कडुलिंब वाचावा म्हणून एक भिंत तीन फूट आत घेतली.

आमचे घर आता गल्लीत सर्वांत लहान आहे. शेजारी विचारतात, "गुरुजी, मजला का नाही चढवला?" मी हसून सांगतो, पाया तेवढाच होता.

या ईदला आपा आली. सपरीत अम्मीशेजारी बसून शीरखुर्मा पिताना तिने वर कवेलूंकडे पाहिले आणि म्हणाली, "अब्बांचेच घर आहे रे हे."

घर बांधायला निघालेल्या भावांनो, मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा बहिणीच्या घरी जाऊन या. पण सहीसाठी कागद घेऊन नव्हे, हिशोब घेऊन.